सुन्या, मी साहेबांसारखाच बोललो

सोलापूर
2 नोव्हेंबर 2025

प्रिय सुन्या,

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले. रात्री करतो, उद्या करतो म्हणत दिवाळीही गेली. रागावला असशीलच. पण हे आधी वाच, मग काय बोलायचं ते बोल. घरी सगळे बरे आहेत, आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर गोळीवर आहे.

आपण दोघं औषध कंपनीत एमआर होतो तेव्हाची, 2005 च्या पुरानंतरची महिनाअखेरची क्लोजिंग मीटिंग आठवते का, असं तुला विचारणं म्हणजे वेडेपणाच. सांगलीत कृष्णा दुकानांत शिरली होती, तुझे स्टॉकिस्ट, ते घाऊक औषधवाले, गोडाऊनमधला माल उपसत होते. तू उभा राहून ते सांगत होतास आणि साहेब म्हणाले, "पाण्याचं मला सांगू नको, आकडा सांग." संध्याकाळी स्टँडमागच्या टपरीवर आपण शपथ घेतली होती, की कधी साहेब झालोच तर असं बोलायचं नाही.

30 सप्टेंबरला मी तसंच बोललो.

माझ्या हाताखाली आता नऊ एमआर पोरं आहेत. त्यातलं मोहोळ-माढ्याचं पोर सगळ्यांत चांगलं. स्टॉकिस्टाकडून कुठल्या मेडिकल दुकानात किती माल गेला, ती काउंटरनिहाय सेकंडरी वहीत लिहून आणणारं ते एकटंच. बाकीचे मोबाइलवर डीसीआर, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींचा रोजचा रिपोर्ट, भरतात आणि निम्मे कॉल घरूनच होतात, हे मला कळतं. त्या महिन्यात त्याची प्रायमरी, म्हणजे स्टॉकिस्टांनी आमच्याकडून उचललेला माल, निम्म्यावर आली. तू लाईन सोडलीस म्हणून सांगतो. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं ठरवलं, की 22 तारखेपासून बहुतेक औषधांवरचा कर 12 टक्क्यांचा 5 होणार. झालं, स्टॉकिस्टांनी माल उचलणं थांबवलं. आज 12 नं घेऊन परवा 5 नं कोण विकेल? सगळेच म्हणायला लागले, बावीसनंतर बघू. आणि बावीसनंतर सीनेला पूर आला. तिकडची गावंच्या गावं पाण्यात.

हे सगळं मला माहीत होतं, सुन्या. मला आधीच्या रात्री वरून फोन आला होता, रिजनची यादी वाचून दाखवली होती आणि माझं नाव तळाला होतं. तो राग डोक्यात घेऊनच मी मीटिंगला बसलो. पोरानं वही उघडली आणि म्हणालं, "सर, मोहोळच्या बाजूला पाणी..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "पाणी सगळीकडेच आहे. आकडा बोल." त्यानं वही मिटली, आकडा सांगितला आणि खाली बसलं.

बाकीचे आठ जण टेबलाकडे बघत होते. आपण दोघं वीस वर्षं ज्यावरून भांडलो ते मला तेव्हा दिसलं. तू म्हणायचास, साहेबांचं मला काहीच वाटलं नाही, तू शेजारी बसून गप्प राहिलास त्याचं वाटलं. मी म्हणायचो, मी बोललो असतो तर दोघांची नोकरी गेली असती. सांगलीच्या लग्नात त्यावरूनच तू जेवता जेवता उठून गेलास. त्या आठ जणांची तोंडं बघितली आणि कळलं की तू बरोबर होतास. हे कबूल करायला मी वीस वर्षं लावली.

पुढे जे झालं ते अजून वाईट आहे. ऑक्टोबरात बाकीच्यांचे आकडे सुधारले. वरून शाबासकी आली. मी शेवटच्या आठवड्यात दोन स्टॉकिस्टांकडे सहज गेलो तर आमची खोकी तशीच थप्पीला लावलेली. पोरांनी हातापाया पडून माल भरलाय. सेकंडरी जागच्या जागी. तो माल चार-सहा महिन्यांनी एक्सपायरी म्हणून माझ्याच गळ्यात परत येणार. पोरं मला घाबरली आणि खरं सांगायची बंद झाली. मोहोळच्या पोरानं मात्र माल भरला नाही. त्यानं राजीनामा दिला.

मी त्याच्याबरोबर एक दिवस जॉइंट वर्कला, डॉक्टरांच्या भेटींना गेलो. ठरवून गेलो होतो की केबिनमध्ये तोंड उघडायचं नाही. पहिल्याच डॉक्टरांनी काही विचारलं आणि मी उत्तराला तोंड उघडलंच. पोर गप्प झालं. ही सवय मला कधी लागली कळलंच नाही. माझी पोरं माझ्यासमोर बोलत नाहीत ती का, ते तिथं समजलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी हात मांडीखाली दाबून बसलो. पोरानं विचारलं, "सर, पुरानंतर बीपीचे जुने पेशंट परत यायला लागले का?" डॉक्टर पाच मिनिटं बोलले. कुणाच्या गोळ्या वाहून गेल्या, कुणाकडे कागदच उरला नाही. पोर ऐकत होतं. औषधाचं नाव त्यानं शेवटी एकदाच घेतलं. औषध कंपन्यांसाठीच्या 2024 च्या नियमावलीनं डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देणं बंद झालंय. आता आपल्याकडे बोलणं आणि ऐकणं एवढंच भांडवल आहे, आणि मी पोरांना त्यातलं ऐकणं शिकवलंच नाही.

मला तू आठवलास. मिरजेला त्या डॉक्टरांच्या बाहेर बसून पेशंटचे नंबर लावून देणारा. एका आजोबांनी तुला कंपाउंडर समजून इंजेक्शन मागितलं होतं आणि तू घाबरून बाथरूममध्ये लपलास! पण कुठल्या पेशंटला कुठली गोळी परवडत नाही हे त्या दवाखान्यात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

परत येताना गाडीत मी त्याची माफी मागितली. "ठीक आहे सर," म्हणालं. त्यावरून काहीच कळेना. मग मला वाटलं, अपमान नऊ जणांत केला आणि माफी गाडीत, हे बरोबर नाही. 31 तारखेच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मागितली. सप्टेंबरमध्ये त्यानं सांगितलेलं खरं होतं आणि मी ते बोलू दिलं नाही, असं स्पष्ट म्हणालो. ऑक्टोबरचा भरलेला माल किती, तेही विचारलं. आकड्यावरून कुणाला बोलणार नाही असा शब्द दिला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मला बोलायची फार घाई झाली होती, पण थांबलो. मग बार्शीच्या पोरानं खरा आकडा सांगितला. मग दुसऱ्यानं. बेरीज बघून पोटात गोळा आला. ती मी वर जशीच्या तशी कळवली आहे. माझं काय होईल ते होईल.

मोहोळचं पोर नोटीसवर आहे. राहा म्हणून मी जोर करणार नाही. पण मला एक सांग. त्या दिवशी साहेबांनी नंतर काय केलं असतं तर तू लाईन सोडली नसतीस? आणि मी काय करायला हवं होतं?

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? चिरंजीव पुण्यालाच आहे की बंगळूरला गेला? दुकानाच्या वरच्या मजल्याचं काम सुरू झालं असेल तर फोटो पाठव.

आणि उत्तर लिहूनच पाठव. फोनवर मी मध्येच बोलेन, तुझं पूर्ण ऐकणार नाही.

तुझा,
बाळू