ताटावर लागलेला डोळा

चि. बाय हिस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा जावयांचा मेसेज सकाळी आला. तुझा बाबू उठल्या उठल्या पडवीत जाऊन तुझ्या चपला शोधून आला, मग आजीच्या मांडीवर बसून थोडा रडला. आता आगरात सुपाऱ्या वेचतोय. पेज दोन वाट्या प्याला. त्याची काळजी करू नकोस.

रविवारचं बोलणं मनातून जाईना म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आवाज चढतो. तू बॅग घेऊन खळ्यात उभी होतीस, रिक्षा दारात आली होती, आणि मी म्हणालो, "काय करायचीय ती डिग्री? आहे ती नोकरी काय वाईट आहे?" तू काही बोलली नाहीस. बाबूच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि गेलीस. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

मला ते म्हणायचं नव्हतं. मला भाऊबिजेच्या दुपारचं बोलायचं होतं. रात्रपाळी करून तू तशीच गाडीत बसून आलीस. ओवाळणं झालं, पानं मांडली, आईने तुझ्या आवडीची वालाची उसळ वाढली. तू भात कालवलास आणि घास उचलायच्या आधीच तुझे डोळे मिटले. हात भातात तसाच. आम्ही सगळे बघत राहिलो, कुणी हाक मारेना. मिनिटभराने दचकून जागी झालीस आणि म्हणालीस, "चार नंबरचं सलाईन संपलं का?"

सगळे हसले. दादा तर अजून सांगतोय सगळ्यांना. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी रात्री दोन-अडीचला उठून बसतो. त्या वेळी तू वॉर्डात असतेस.

तू काय करते आहेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालीस, रजिस्ट्रेशन झालं, आयसीयूत लागलीस. आम्हाला वाटलं, झालं. पण जीएनएमवरून एकदम एम.एस्सी. करता येत नाही, मध्ये बी.एस्सी. लागतेच, आणि तुला पुढे नर्सिंग कॉलेजात शिकवायचंय, हे तू मागच्या मे महिन्यात आंबे उतरवताना सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे. कॉलेजात जाऊन पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरचं बी.एस्सी., करायचं तर पूर्ण वेळ दोन वर्षं. नोकरी सोडावी लागणार. घराचा हप्ता, बाबू, ते जमणार नव्हतं. म्हणून इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तीन वर्षांचं धरलंस.

आणि ती जाहिरात मीच तुला पाठवली होती, हेही लक्षात आहे. घरबसल्या, मोबाईलवर, बारा महिन्यांत बी.एस्सी. नर्सिंग. मला वाटलं, पोरीचे कष्ट वाचतील. तू फोनवर किती वेळ समजावलंस. नर्सिंग नुसतं पडद्यावर शिकता येत नाही, तशा डिग्रीला नर्सिंग कौन्सिल मान्यता देत नाही, पैसेही जातात आणि वर्षंही. इग्नूचंही सगळं ऑनलाइन नाही. पुस्तकं त्यांच्या ई-ज्ञानकोश साइटवर फुकट वाचता येतात, व्याख्यानं मोबाईलवर ऐकता येतात, पण प्रात्यक्षिकांना केंद्रावर जावंच लागतं, असाइनमेंट लिहाव्या लागतात, परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते. आणि प्रवेशालाच आधीच्या नोकरीचा अनुभव लागतो, रजिस्ट्रेशन लागतं. ओपननेट ही प्रवेश परीक्षा पास झालीस तेव्हा तुझ्या आईने गुरवाकडे नारळ दिला. मी एसटीच्या डेपोत जाऊन सांगून आलो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी चहाच्या टपरीवर जुनी माणसं भेटतात. पोरगी नोकरी करून बी.एस्सी. करतेय म्हटल्यावर एकाने माझ्या चहाचे पैसे दिले.

म्हणजे डिग्री नको असं माझं म्हणणं नाही. तू झोपत नाहीस, एवढंच माझं म्हणणं आहे.

रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. हँडओव्हर देऊन निघेपर्यंत नऊ. लोकलने घरी यायला साडेदहा. मग बाबूचं, स्वयंपाक, त्यावर मायक्रोबायोलॉजी. मी तुझ्या वहीत वेळापत्रक पाहिलं. पाहायला नको होतं, पण तू ती पडवीतच विसरलीस आणि बाबूने तिच्यावर मासा काढला म्हणून उघडली. त्यात तू झोप लिहिली आहेस दुपारी दोन ते पाच. तीन तास, बाय. आणि आठवड्यात दोन जादा नाइट, त्यांच्यापुढे लाल पेनने 'फी' लिहिलंय.

ते 'फी' वाचून मी आत जाऊन पडलो. आईला वाटलं पित्त झालं.

एक गोष्ट सांगतो. ही तुझ्या आईलाही माहीत नाही. तू जीएनएमच्या पहिल्या वर्षाला होतीस. २०१५चा डिसेंबर. कॉलेजचा दुसरा हप्ता भरायचा होता. मी त्या महिन्यात डबल ड्युट्या घेत होतो. दिवसा गुहागर-चिपळूणच्या फेऱ्या मारायच्या आणि एक रात्र सोडून मुंबई. त्या रात्री चिपळूण सोडलं, परशुराम घाट उतरलो, खेडला भरणे नाक्यावर चहा घेतला. कशेडी घाट चढायला लागलो तेव्हा दोन वाजून गेले होते. थंडी होती, काच धुक्याने ओली. गाडीत चाळीस-पंचेचाळीस माणसं, सगळी झोपलेली. मला वाटत होतं मी जागा आहे. डोळे उघडे आहेत, रस्ता दिसतोय. आणि मला दिसत होता आपला वेळणेश्वरचा समुद्र. भर घाटात मला समुद्र दिसत होता.

कंडक्टरने घंटीची दोरी ओढून धरली म्हणून मी जागा झालो. डावी चाकं खडीवर गेली होती. डाव्या बाजूला काय आहे ते तू दिवसा पाहिलंयस. गाडी आवरली, पोलादपूरला थांबवली, उतरून नळाखाली डोकं धरलं. एकही प्रवासी जागा झाला नाही. कंडक्टर मला काही बोलला नाही, नुसता पुढे केबिनजवळ येऊन बसला आणि पनवेल येईपर्यंत आपल्या गावच्या गोष्टी सांगत राहिला. त्या माणसाने हे कधी कुणाला सांगितलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा अपघाताशिवाय नोकरी केली म्हणून मला बिल्ला दिला. तो ओटीवर देवांच्या फोटोखाली लावलाय, तू फोटो काढून सगळ्यांना पाठवलास. मी त्याच्याकडे फार बघत नाही.

हे तुझ्या फीसाठी झालं असं मला म्हणायचं नाही. वाचून तसं वाटेल, तर ते मनातून काढून टाक. ती फी भरायला मला जो आनंद झाला तो मी दुसऱ्या कशात पाहिला नाही. पण झोप न झालेल्या माणसाला आपली झोप झाली नाही हे कळत नाही, एवढंच सांगायचंय. त्याला वाटतं तो जागा आहे.

तूच मला सांगितलं होतंस, आत्या अॅडमिट होती तेव्हा. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. म्हणून ते वेगळं ठेवतात, दोन सिस्टरांनी बघून मगच लावतात. तेव्हा मी आत्याच्या उशाशी बसून तुझ्याकडे बघत होतो. तू बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचलंस, दुसरीने परत वाचलं, मग तू पंपावर आकडा घातलास आणि पुन्हा वाचलास. माझ्या मनात आलं, माझी पोर गाडी चालवतेय. पुढे बसून, सगळी झोपलेली असताना. मला फार अभिमान वाटला. आता तेच आठवून भीती वाटते.

पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट. आमच्यात जुने ड्रायव्हर सांगायचे, त्या वेळेला पोट भरलेलं नको आणि अंगावर पांघरूण नको. ड्युटीवर जायच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास पडायचंच, झोप येवो न येवो. घरी आल्यावर आधी झोपायचं आणि मग बाकीचं, तू उलटं करतेस. खिडकीला जाड चादर लाव. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. सकाळी घरी यायच्या वेळी चहा घेऊ नकोस. लोकलमध्ये दाराजवळ अजिबात उभी राहू नकोस, बसायला नाही मिळालं तर पुढची गाडी घे. आणि असाइनमेंट रात्री ड्युटीवर लिहायला नेऊ नकोस, तिथे फक्त पेशंट.

बघ, शिकवायला लागलो. आयसीयूतल्या सिस्टरला मी सांगतोय झोपावं कसं. राग मानू नकोस. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि आईला सांगितलं तर तीही रात्रीची उठून बसेल.

सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला ती रात्र तुला आठवते का? २ ऑगस्ट २०१६. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आपल्या दोन गाड्या महाडला पाण्यात गेल्या. मी त्या रात्री मुंबईत विश्रांतीगृहात झोपलो होतो, फोनची बॅटरी संपलेली. तुला हॉस्टेलवर बातमी कळली आणि माझी गाडी कुठली ते तुला माहीत नव्हतं. सकाळी चार्जर मिळाला, फोन चालू केला, तर तुझे सगळे मिस्ड कॉल. मी फोन लावला तर तू विचारलंस, "अण्णा, चहा झाला का?" बस. दुसरं काही नाही. रात्रभर तू हॉस्टेलच्या जिन्यात बसून होतीस हे मला तुझ्या मैत्रिणीने लग्नात सांगितलं.

त्या गाड्यांवरची माणसं आमच्या ओळखीची होती. मी अजूनही त्या पुलावरून जाताना हात जोडतो. तुला हे का सांगतोय मला नीट कळत नाही. पण रात्री अडीचला पडवीत बसलो की तो जिना डोळ्यांपुढे येतो.

आता पैशाचं. ग्रॅच्युइटीतले अजून बँकेत आहेत. दोन जादा नाइटमध्ये जेवढं मिळतं तेवढं मी दर महिन्याला पाठवणार, जूनपर्यंत तरी. तू नको म्हणशील. म्हण. मी जावयांशी बोललोय, ते हो म्हणालेत. आणि तीनच वर्षांत संपवायला हवं असं कुणी सांगितलंय? एखादा पेपर पुढच्या वेळेला गेला तर जाऊ दे. डिसेंबरचे सगळे जमणार नसतील तर दोन सोड, जूनला दे. तूच म्हणालीस मुदत जास्त मिळते. बाबूला परीक्षा होईपर्यंत इथेच ठेव. अंगणवाडीच्या बाई त्याला बसवून घेतो म्हणाल्या. त्याला इथे करमतं, बैलाला हाक मारायला शिकलाय.

डिग्री कर. हे मी रविवारी बोलायला हवं होतं. एम.एस्सी.पण कर. तू वर्गात उभी राहून पोरींना शिकवशील ते बघायला मी येणार आहे, मागच्या बाकावर बसू दिलं तर.

कुळथाचं पीठ, कोकमं आणि आईने केलेल्या तांदळाच्या फेण्या पिशवीत भरून ठेवल्यात. आपल्या वाडीतला एक पोरगा गुरुवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालाय, त्याच्याकडे देतो. तुझी वहीही त्यातच आहे. मासा तसाच राहू दिलाय, बाबू पुसू देत नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. पत्र मिळालं की लगेच फोन करू नकोस. तुला मिळेल ती दुपारची वेळ असेल. तेव्हा झोप. संध्याकाळी निघताना कर, मी पडवीत आहे.