‘गॉस्फर्ड पार्क’ पाहून वैतागलेल्या मित्रास

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. ‘गॉस्फर्ड पार्क’ पाहून तुझा पुरता विरस झाला, हे तू आडपडदा न ठेवता लिहिलेस, म्हणून मीही सविस्तर उत्तर लिहायला बसलो आहे. तुझे म्हणणे असे की, इंग्लंडमधल्या एका बड्या घरी शिकारीसाठी पाहुणे जमतात, वर मालक मंडळी आणि खाली तळघरात नोकर, आणि घरमालक सर विल्यमचा खून होतो, असा रहस्यपट म्हणून तू मोठ्या अपेक्षेने बसलास, पण खून व्हायलाच निम्म्याहून अधिक चित्रपट उलटला. तोवर इतक्या माणसांची ये-जा झाली की अर्ध्यांची नावे शेवटपर्यंत ध्यानात राहिली नाहीत. सगळे एकाच वेळी बोलत असल्यामुळे संवाद कानांवरून गेले. तपासाला आलेला इन्स्पेक्टर अगदीच कुचकामी निघाला. आणि इतके सगळे होऊन खुनी पकडला गेला नाही तो नाहीच.

ही तक्रार तुझ्या एकट्याची नाही. २००१ साली चित्रपट आला तेव्हापासून प्रेक्षकांत याच मुद्द्यांवर दोन तट पडलेले आहेत. आमच्या शनिवारच्या मंडळींनी तो मागे एकत्र पाहिला, तेव्हाही तसेच झाले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले की, ओळखपाळख नसलेल्या लग्नघरी जाऊन बसल्यासारखे वाटले. कोण कुणाचे कोण, हे कळेपर्यंत पंगती उठल्या. एका मैत्रिणीने याच लेखकाची ‘डाउनटन ॲबी’ ही मालिका मोठ्या आवडीने पाहिलेली होती, तिला हा चित्रपट निष्ठुर वाटला; मालक नोकरांशी मायेने वागतात ते इथे दिसेना, म्हणून ती नाराज झाली. एकाला नेमके उलटे वाटले: चांदीची भांडी, शिकारीचे कपडे, उंची मद्य असे सगळे पुन्हा डोळ्यांपुढे मांडून साहेबाच्या वैभवाचे गोडवेच गायले आहेत, असे तो शेवटपर्यंत ठासून सांगत होता. इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी मात्र एवढेच म्हटले की, अशा घरात काम कोण करते आणि ते किती असते, हे त्यांनी पडद्यावर इतक्या नीट कधी पाहिले नव्हते. त्या रात्री वाद मिटला नाही. माझा कौल त्या बाईंच्या बाजूने आहे, आणि तो का, हे तुला सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. तू चित्रपट पाहिलेला आहेस, तेव्हा खुनी कोण हे मी मोकळेपणाने लिहितो.

अविनाश, या चित्रपटातले रहस्य मुळीच कच्चे नाही. त्याची सगळी सूत्रे आपल्यासमोर उघड्यावर ठेवलेली आहेत. फक्त ती ज्या मजल्यावर ठेवली आहेत, तिकडे पाहण्याची सवय त्या घरातल्या कुणाही प्रतिष्ठिताला नव्हती. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन हा अमेरिकन, कॅन्सस सिटीचा. चित्रीकरणाच्या वेळी त्याची पंचाहत्तरी उलटून गेली होती. ज्युलियन फेलोज या इंग्रज लेखकाकडून त्याने पटकथा लिहून घेतली, तिला पुढे ऑस्करही मिळाले. या दोघांनी एक नियम पाळला: वरच्या मजल्यावरचे कोणतेही दृश्य नोकराच्या उपस्थितीवाचून दाखवायचे नाही. मालक मंडळी एकमेकांशी कितीही खासगी बोलत असोत, कुणीतरी दिवा लावायला, कॉफी द्यायला किंवा कपडे उचलायला तिथे आलेले असते. आपल्याला कळते ते एवढेच, जेवढे त्या माणसाला कळू शकते. ऑल्टमनने प्रत्येक नटाला स्वतंत्र मायक्रोफोन लावला आणि दोन कॅमेरे सतत संथपणे फिरते ठेवले. कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर येणार, हे नटांनाही ठाऊक नसे. तुला जो गोंगाट वाटला, तो या रीतीतून आलेला आहे. ट्रे हातात धरून खोलीतून जाणाऱ्या मोलकरणीला वाक्याचा अर्धा भागच ऐकू येतो आणि उरलेला तिने स्वतः जुळवायचा असतो. महत्त्वाची गोष्ट मात्र हरवत नाही. स्वयंपाकघराच्या आसपास विषाच्या बाटल्या इतक्यांदा दिसतात की नंतर आठवून पाहिल्यावर आपण त्या कशा नजरेआड केल्या, याचे नवल वाटते.

इन्स्पेक्टर थॉम्प्सनविषयी मी तुझ्याशी निम्मा सहमत आहे. स्टीफन फ्रायने तो जरा भडक रंगवला आहे, आणि बाकीचे सगळे इतक्या खालच्या पट्टीत अभिनय करत असताना तो वेगळ्या नाटकातून आल्यासारखा वाटतो. पण त्याच्या तोंडचे एक वाक्य ध्यानात घे. नोकरांची चौकशी करण्यात त्याला रस नाही; मृताशी ज्यांचा खराखुरा संबंध होता, त्यांच्याशीच त्याला बोलायचे आहे. हाताखालचा शिपाई एकेक वस्तू दाखवत असतो आणि इन्स्पेक्टर साहेब त्याला गप्प करत, खानदानी लोकांपुढे अदबीने उभे राहतात. हा माणूस मंद आहे म्हणून त्याला खुनी सापडत नाही, असे मला वाटत नाही. त्याच्या समाजाने त्याला पाहायला जे शिकवले, तेच तो पाहतो. आपणही लॉर्ड, कर्ज आणि मृत्युपत्र यांतच हेतू शोधत बसलो, तर आपला तपास त्याच्याइतकाच पुढे जाईल. खून का झाला, हे शोधायला तळघरातच उतरावे लागते.

आता त्या तळघराविषयी. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना तिथे स्वतःच्या नावाने हाक मारत नाहीत, मालकाच्या नावाने मारतात. मेरी मॅकईकरन ही कोवळी स्कॉटिश मुलगी काउंटेस ऑफ ट्रेंटमची खास दासी, म्हणून ती ‘मिस ट्रेंटम’. नोकरांच्या जेवणाच्या टेबलावर कुणी कुठे बसायचे, हेही मालकाच्या दर्ज्यावरून ठरते. वरची उतरंड खालच्यांनी जशीच्या तशी उचललेली आहे आणि तिला ते वरच्यांपेक्षाही कडक पाळतात. लंडन किंवा मँचेस्टर असे कोणतेही शहर घे, १९३१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या, त्यामुळे अशी एखादी मेरी त्या काळी कितीतरी घरांत होती. चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला काउंटेसला मोटारीत बसल्या बसल्या थर्मासचे झाकण उघडता येत नाही, म्हणून गाडी थांबवली जाते आणि धो धो पावसात मेरी खाली उतरून, भिजत, खिडकीशी उभी राहून ते उघडून देते. कुणी तिला रागावत नाही, कुणी अपमान करत नाही. हे दृश्य पाहिल्यावर वैभवाच्या गोडव्यांचा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. डोळे सुखावणारी प्रत्येक वस्तू कुणाच्या हातून पुसून, धुऊन, इस्त्री करून तिथे आली, हे चित्रपट आपल्याला क्षणभरही विसरू देत नाही. त्यासाठी निर्मात्यांनी अशा घरांत उमेदीची वर्षे काढलेला एक वयोवृद्ध बटलर, एक स्वयंपाकीण आणि एक मोलकरीण सल्ल्यासाठी बोलावली होती.

मला सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य एल्सीचे आहे. भर जेवणात लेडी सिल्व्हिया आपल्या नवऱ्याला, सर विल्यमला, पाहुण्यांदेखत टोचून बोलते. एल्सी ही मुख्य मोलकरीण तेव्हा टेबलाशी वाढत असते, आणि तिच्या तोंडून त्याच्या बाजूने एक वाक्य निसटते, तेही ‘बिल’ अशा जवळिकीच्या हाकेने. त्या दोघांचे काय चालले आहे, हे त्या घरात बहुतेकांना आधीच ठाऊक असावे. तरीही सगळे हात जागच्या जागी थांबतात. एल्सी काही क्षण तशीच उभी राहते आणि मग खोलीतून बाहेर पडते. तिची नोकरी तिथेच संपलेली असते. संबंध ठेवणे त्या घराला चालत होते, बोललेले चालले नाही. एमिली वॉटसनने त्या काही क्षणांत चेहऱ्यावर जे आणले आहे, त्यासाठी तरी तू ते दृश्य पुन्हा पाहा.

दुसरे दृश्य गाण्याचे. आयव्हर नॉव्हेलो हा खराखुरा नट आणि संगीतकार या गोष्टीत पाहुणा म्हणून आणला आहे, आणि जेरेमी नॉर्दमने त्याची भूमिका केली आहे. रात्री तो पियानोशी बसून गाऊ लागतो. दिवाणखान्यातल्या मंडळींना त्याचे काही नाही. पत्ते चाललेले आहेत, आणि मॅगी स्मिथची काउंटेस तर त्याला उत्तेजन देऊ नका असे सांगून मोकळी होते. सिनेमाच्या नटाने त्यांच्यात बसावे, हेच तिला रुचलेले नाही. खाली मात्र बातमी पसरते आणि नोकर एकेक करून जिन्यात, दाराआड, अंधाऱ्या बोळांत येऊन उभे राहतात. त्या गाण्यातला प्रत्येक शब्द त्यांना पाठ आहे. कलेची कदर करणारा प्रेक्षक त्या घरात आहे, पण त्याला खोलीत यायची मुभा नाही. आणि हेच गाणे चाललेले असताना ग्रंथालयात सर विल्यमचा मृत्यू होतो. तू म्हणालास, खुनाचा थरार नाही. मला मात्र तो योग अंगावर काटा आणणारा वाटला.

येथे थोडे विषयांतर करतो. ही गोष्ट नोव्हेंबर १९३२ मधली आहे. त्याच महिन्यात लंडनमध्ये तिसरी गोलमेज परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे हजर होते. पुणे कराराला जेमतेम दोन महिने झाले होते. इंग्रजांचा वर्ग आणि आपली जात या दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. त्यांत मोठे अंतर आहे. पण कोण कुणाच्या पंक्तीला बसतो, कोण कुठल्या दाराने आत येतो, याकडे मराठी माणसाचे लक्ष आपोआप जाते, आणि म्हणून हा चित्रपट आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

आता शेवट. सर विल्यमच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींवर त्याची नजर असे. त्यांना दिवस गेले की मूल देऊन टाका, नाहीतर नोकरी सोडा, असा पर्याय तो ठेवी. मुले चांगल्या घरी दत्तक जातील अशी खात्री दिली जाई आणि प्रत्यक्षात ती अनाथाश्रमात टाकली जात. हाउसकीपर मिसेस विल्सन आणि स्वयंपाकीण मिसेस क्रॉफ्ट या सख्ख्या बहिणी. एकीने मूल दिले, दुसरीने ठेवले आणि ते दगावले. वर्षानुवर्षे एका छपराखाली राहून त्या एकमेकींशी धड बोलत नाहीत. पाहुण्याचा नोकर म्हणून रॉबर्ट पार्क्स त्या घरात येतो. त्याचे नाव आणि त्याच्याजवळचे आईचे छायाचित्र यांवरून मिसेस विल्सनला कळते की हा आपलाच मुलगा आहे आणि तो बापाला मारायला आलेला आहे. ती त्याच्याआधी विष देते. नंतर सुरा घेऊन आलेला मुलगा मेलेल्या माणसावर वार करतो. मेलेल्याला मारल्याबद्दल फाशी होत नाही, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये खुनाला फाशीच होती. मालकाला काय हवे ते त्याच्याआधी ओळखणे, हा उत्तम नोकराचा गुण तिने आयुष्यभर बाणवला होता. तोच वापरून ती मुलाला वाचवते. त्यानंतरही ती त्याला सांगत नाही की मी तुझी आई आहे. हेलन मिरेनची मिसेस विल्सन हे सगळे जवळजवळ चेहरा न हलवता मेरीला सांगते, आणि मेरी गेल्यावर ती कोसळते तेव्हा आयलीन ॲटकिन्सची मिसेस क्रॉफ्ट तिला जवळ घेऊन गप्प करते, कारण वर आवाज जाईल. ज्या बहिणी इतकी वर्षे बोलल्या नाहीत त्यांचे मनोमीलनही त्या घरात हळू आवाजातच व्हावे लागते. खुनी पकडला जात नाही म्हणून तुला फसवणूक वाटली. मला वाटते, या बाईला बेड्या पडल्या असत्या तर पटकथेने पुन्हा इन्स्पेक्टरचीच नजर खरी ठरवली असती.

‘डाउनटन’वाल्या मैत्रिणीला मी हेच सांगितले. ती मालिका फेलोजने २०१० पासून लिहिली, आणि तीत मालक भला असल्यामुळे व्यवस्था सुसह्य वाटते. इथे ऑल्टमन सोबत आहे, आणि तो बाहेरचा असल्यामुळे त्याला त्या घराचा जिव्हाळा जपायचा नव्हता. माझ्या मते हे दोघे एकत्र आले तेव्हाच फेलोजचे उत्तम लेखन झाले. पुढची मालिका कितीही देखणी असली तरी ती या उंचीला पोचत नाही.

सगळेच जमले आहे, असे मात्र नाही. खोटा नोकर बनून आलेल्या हेन्री डेंटनचे उपकथानक मला सैल वाटते. दोन्ही मजले त्याला नाकारतात, ही कल्पना चांगली आहे, पण तिच्यासाठी दिलेला वेळ जास्त आहे. त्यातला थोडा पाहुण्यांतल्या मेबेलला मिळायला हवा होता. दुसऱ्या एका कारखानदाराची ती मुलगी पैशासाठी केली गेली आणि पैसा संपल्यावर नवऱ्याला तिची लाज वाटू लागली.

आता एक विनंती. सबटायटल लावून, निवांतपणे, आणि खुनी कोण हे ठाऊक असताना तो पुन्हा पाहा. फक्त मिसेस विल्सनवर लक्ष ठेव. पाहून झाल्यावर मला एका प्रश्नाचे उत्तर लिही. मेरीला सगळे कळते. ती रॉबर्टला त्याची आई कोण हे सांगत नाही, पोलिसांना काही सांगत नाही, आणि आपल्या काउंटेसबरोबर मोटारीत बसून निघून जाते. पोलिसांपाशी ती बोलली नाही, हे मला पूर्ण पटते. रॉबर्टपाशी तिने गप्प राहावे की नाही, यावर आमच्या घरी दोन मते आहेत. मी म्हणतो, ते गुपित आईचे होते आणि ते फोडण्याचा अधिकार मेरीला नव्हता; सौभाग्यवती म्हणते, अनाथ म्हणून वाढलेल्या मुलाचा त्यावर आईहून अधिक हक्क होता. तुझे मत कोणत्या बाजूला पडते, ते कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत