ग्रीन बेल्टचे तास आधी लिहून द्या

महोदय,

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड इथल्या अनेक कारखान्यांत ‘सिक्स सिग्मा’ या दोष कमी करण्याच्या पद्धतीतली ग्रीन बेल्टची प्रमाणपत्रं भिंतीवर झळकतात आणि रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचं प्रमाण, जिथल्या तिथे असतं. दोष प्रशिक्षणाचा नाही. सिक्स सिग्मा पद्धतीत सुधारणेचंच काम पूर्णवेळ करतो तो ब्लॅक बेल्ट. रोजची लाइन सांभाळून एखादा प्रकल्प नेतो तो ग्रीन बेल्ट. त्याचा साधारण पाचवा हिस्सा वेळ यासाठी धरतात, म्हणजे ४८ तासांच्या आठवड्यात साडेनऊ तास. ते कुठेच लिहिलेले नसतात. महिनाअखेरीस डिस्पॅच अडला की पहिली कात्री त्यांनाच लागते.

मग मोजणी कच्ची राहते. समजा २५ मिमीचा बोअर (पार्टमधलं गोल भोक), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक-उणे ०.०२ मिमी, म्हणजे एकूण ०.०४. तो ०.०२ लीस्ट काउंटच्या (वाचता येणारं सर्वांत लहान माप) व्हर्नियरने मोजला तर सगळा टॉलरन्स दोन घरांतच संपतो! लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाइतका तरी बारीक हवा, इथे ०.००१ चा बोअर गेज लागेल. त्यानंतर वेगवेगळ्या शिफ्टमधले १० नग, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, अशी ९० रीडिंग घ्यावीत. नगाचा नंबर ऑपरेटरला कळू देऊ नये. मोजणीतलाच फरक रीडिंगमधल्या एकूण फरकाच्या ३० टक्क्यांच्या वर निघाला तर मशिनला हात न लावता आधी गेज आणि मोजायची रीत दुरुस्त करावी. वेळ नसला की हे सारं गाळून जुन्या रजिस्टरमधले आकडे उतरवले जातात, आणि रिवर्क होऊन पास झालेले नग तर त्यात बहुधा नसतातच.

विषयही झेपेल असा हवा. ‘प्लान्टचं रिजेक्शन निम्मं करा’ हा अर्धवेळ माणसाचा प्रकल्प नव्हे. एक मशिन, एक पार्ट, एक दोष पुरे. लाइनवरचाच माणूस असल्याने इन्सर्ट (कापणारं टोक) कधी बदलतात, कूलंट कधी पातळ होतं, हे ऑपरेटर त्याला सहज सांगतात. बाहेरच्या सल्लागाराला ते कळायला महिना जातो.

म्हणून ग्रीन बेल्टच्या प्रशिक्षणाला नाव पाठवण्याआधी प्रॉडक्शन प्रमुखाने वार आणि तास ठरवून सही करावी, त्या वेळेत लाइन कोण बघेल हेही लिहावं. बचतीचा आकडा अकाउंट्सने तपासावा. प्रकल्प बंद करताना कंट्रोल प्लान (सुधारणा टिकवायला काय, कधी तपासायचं याचा तक्ता) लाइनच्या सुपरवायझरच्या ताब्यात द्यावा. हे न झाल्यानेच ग्रीन बेल्टची बदली झाली की जुनी सेटिंग परत येते.

– एक गुणवत्ता अभियंता, भोसरी