खाडीवर गळ टाकायला रॉड घेताना

मा. संपादक, नमस्कार,

नेरूळ-बेलापूरच्या खाडीवर हल्ली कॉलेजची पोरं रॉड घेऊन दिसतात, बघून खूप बरं वाटतं, पण बऱ्याच जणांकडे ऑनलाइन मागवलेला घडीचा स्वस्त सेट असतो आणि एखादा दमदार जिताडा लागला की तो सांध्यातच मोडतो. खाडीला बारा फुटी रॉड लागत नाही हो, ९ फुटी दोन तुकड्यांचा बास झाला. लांब रॉड उरणच्या पिरवाडीसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर घ्या, तिथे दोर लाटांच्या वर धरावा लागतो.

रील, म्हणजे दोर गुंडाळायची फिरकी, स्पिनिंगचं, ४००० किंवा ५००० साइजचं. दुकानदार बेअरिंगचा आकडा सांगत बसतो, तो सोडा, दुकानातच दोर ओढून ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोर सोडणारा रीलचा ब्रेक, झटके न देता सुटतो का ते बघा, मोठा मासा हातात राहतो तो ड्रॅगमुळेच. ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, बारीक असल्याने लांब जातो पण कालवांच्या दगडावर घासला की लगेच कटतो, म्हणून पुढे वावभर जाड मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनचा दोर, बांधा. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर हलकं गोडं पाणी सोडा, सुकलं की ड्रॅग सैल करा, नाहीतर मीठ रील खातं.

आणि तुटलेला दोर तिथेच टाकू नका प्लीज, ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. आपल्या रविवार पुरवणीत या छंदावर सविस्तर लेख द्या ही विनंती.

– एक वाचक, नेरूळ