कानामागचे मशीन आणि डोक्यातली गाठ

महोदय,

कानामागे मशीन बसवले की पुढे डोक्यात गाठ होते, असा संदेश आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मोबाइलवरून फिरतो आहे. शेजारच्या एका यंत्रमाग कामगाराने याच धास्तीने जन्मतः बहिऱ्या मुलीचे कॉक्लिअर इम्प्लांट पुढे ढकलले. या यंत्राचा कानामागचा भाग शस्त्रक्रियेने कातडीखाली बसवलेल्या भागाला रेडिओ लहरींनी आवाज पोचवतो. बोलायला शिकण्याची मोलाची वर्षे अशी हातची जातात. शिवाय दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून हे लाखोंचे यंत्र मिळवायचे, तर अशा मुलांना पाच वर्षांची वयोमर्यादा आहे.

भीतीचे मूळ बहुधा २०११ सालातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तेव्हा रेडिओ लहरींना ‘२-बी’ गटात, म्हणजे कर्करोगाची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही अशा गोष्टींत, टाकले. रोख मुख्यतः मोबाइलवर होता. याच गटात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही गेला. त्याचा संदेश मात्र कुणी पाठवत नाही! संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात २०२४ मध्ये मोबाइलचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. इम्प्लांटच्या लहरींना तर बाहेरच्या कॉइलपासून कातडीखालच्या भागापर्यंत काही मिलिमीटरच जायचे असते. इम्प्लांटमुळे गाठ होते, असे कुठेही सिद्ध झालेले नाही.

उलटा संबंध मात्र आहे. ऐकण्याच्या नसेवर गाठ आली की एका कानाने कमी ऐकू येते, कान वाजतो. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. दोन्ही बाजूंना अशा गाठी होणाऱ्या रुग्णासाठी १९७९ मध्ये अमेरिकेत थेट ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेंदूच्या देठावर, ऐकण्याचे यंत्र बसवले गेले. तिथे गाठ आधी, यंत्र नंतर. एकाच कानाने ऐकू येईनासे झाले, तर ‘मागावरच्या खडखडाटाने झाले असेल’ म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठीच.

पालकांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. इम्प्लांटमुळे मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा, धोका थोडा वाढतो. म्हणून हा आजार करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस शस्त्रक्रियेआधी झाली का? आतल्या चुंबकामुळे एमआरआयला कोणती खबरदारी लागेल? चुंबकाची सावली पडून मेंदूचा तेवढा भाग नीट दिसत नाही, हेही आधीच सांगायला हवे.

सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागाने एवढीच माहिती मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये एका पानावर छापून अंगणवाड्यांत द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अशोक चौक, सोलापूर