आप्पांना हे वाचून दाखव

प्रिय बंड्या,

मेसेजवर किती दिवस "लिहितो लिहितो" करत होतो, आज खरंच बसलोय. पत्र लांब होणारे, चहा घेऊन बस. आणि अर्धं तुझ्यासाठी असलं तरी अर्धं तुझ्या बैलगाडा शर्यतवाल्या आप्पांसाठी आहे, ते का ते पुढे कळेलच.

तर मी मार्चमध्ये फ्लोरिडाला जाऊन आलो, आणि फिरायला म्हणून नाही तर चक्क एका ड्रॅग रेसिंग (सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची शर्यत) टीमचा हमाल म्हणून. आमच्या इथे ओहायोत कोलंबसला शेजारी जे म्हातारबुवा राहतात ना, ज्यांच्या गॅरेजमधून रात्री दहाला पण इंजिनचा आवाज येतो आणि ज्यांच्यावर मी पहिल्या वर्षी जाम वैतागलो होतो, त्यांची सगळी फॅमिली रेस करते. सगळी म्हणजे सगळी. इंजिन म्हातारबुवा बांधतात, गाडी त्यांची लेक चालवते, जावई ट्रक हाकतो, नऊ वर्षांचा नातू स्वतःची छोटी ज्युनिअर ड्रॅगस्टर पळवतो (इथे पाच वर्षांपासून पोरांना परवानगी आहे, १९९२ पासून त्यांची वेगळी लीगच आहे), आणि आजी हिशोब, डबा आणि वही सांभाळते. जावयाच्या भावाला ऐनवेळी सुट्टी मिळेना, एक माणूस कमी पडत होता, म्हातारबुवांनी कुंपणापलीकडून विचारलं "येतोस का", आणि मी पण काय विचार न करता हो म्हणालो.

जायचं होतं गेन्सव्हिलला, गेटरनॅशनल्स म्हणून मोठी रेस असते तिथे, १९७० पासून. आमच्याकडून जवळपास नऊशे मैल, म्हणजे आपल्या पुण्याहून दिल्ली धर. ट्रकमागे ट्रेलर, ट्रेलरात वीसेक फुटांची ती लांबलचक बारीक गाडी, बाजूला टायर, पेट्रोलचे कॅन, सुटं इंजिनचं सामान, आणि एका खणात आजीचा राईस कुकर, हो, मीच घ्यायला लावला होता तो, पण नंतर सगळ्यांनी त्यातली खिचडी खाल्ली. ओहायोत बर्फ होता निघालो तेव्हा. सिनसिनाटीवरून आय पंचाहत्तर हायवे पकडला तो सुटलाच नाही शेवटपर्यंत, केंटकी झालं, टेनेसीत डोंगरात ट्रेलरचं टायर फुटलं, भर पावसात, रात्री. मी टॉर्च धरून उभा आणि जावई जॅक लावतोय, आणि आजी खिडकीतून काय म्हणाली माहितीय, "बरं झालं इथेच फुटलं, रेसला नको फुटायला". बंड्या, शप्पथ सांगतो, मला तिथे तुझी आई दिसली. त्या यात्रेला जाताना पिकअपचं चाक चिखलात रुतलं होतं आणि काकू हेच असलं काहीतरी बोलल्या होत्या ना?

आता रेस म्हणजे काय ते सांगतो, कारण मला पण आधी वाटायचं दोन गाड्या सरळ पळवायच्या, त्यात काय अक्कल लागते. पाव मैल, म्हणजे चारशे मीटरच्या आसपास. पण ही जी सुपर कॉम्प नावाची कॅटेगरी आहे तिच्यात जो सगळ्यात जोरात पळतो तो जिंकत नाही! ८.९० सेकंद ठरवून दिलेत. त्याच्या जितकं जवळ जाशील तितकं चांगलं, पण ८.९० च्या खाली गेलास, ८.८९ जरी लागला, की ब्रेकआउट, आणि समोरचा नियमात बसला तर तू घरी. समोर खांबावर दिवे असतात, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत हिरवा, हिरव्याच्या आधी सुटलास तर लाल आणि तिथेच खेळ खलास. म्हणजे सुटायचं पण वेळेत आणि पोचायचं पण वेळेत. आपल्या बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे धावपट्टीवर, निशाण पडायच्या आधी गाडा सुटला की काय बोंब होते ते मी तुला सांगायला नको.

गाडीत ताकद तर सात-साडेसातात जायची असते, मग ती ८.९० वर आणायची कशी? तर थ्रॉटल स्टॉप म्हणून एक यंत्र असतं, गाडी सुटली की थोड्या वेळाने ते इंजिनचा गळा दाबतं आणि मग ठरलेल्या वेळाने सोडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलोच, "बंद पडली!" कारण आवाज एकदम खाली येतो, घुर्रर्र, आणि मग परत जी बोंबलत सुटते. ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाते, मागे पॅराशूट लावलेलं असतं थांबायला. सगळे हसले माझ्यावर.

आणि हे यंत्र किती वेळ दाबायचं हे ठरतं हवेवर. हवा थंड, कोरडी आणि जड असली की इंजिनला जास्त प्राणवायू मिळतो, गाडी फास्ट होते. गरम दमट असली की मंदावते. म्हणून ट्रेलरवर एक छोटं हवामान केंद्र असतं, आणि माझं मुख्य काम काय तर दर दहा मिनिटांनी तापमान, आर्द्रता, हवेचा दाब वहीत लिहायचा. एम.टेक. केल्याचं सार्थक झालं बघ. शिवाय टायर पुसणे, बॅटरी चार्जिंगला लावणे, लाईनीत गाडी पुढे ढकलणे आणि ड्रायव्हरबाईंवर छत्री धरणे, कारण त्या अग्निरोधक सूटमध्ये फ्लोरिडाच्या उन्हात बसायचं म्हणजे इडली होते माणसाची.

त्या आजीच्या वह्या बघायला पाहिजेस तू. तीस वर्षांच्या! प्रत्येक रन, हवा कशी होती, वारा कुठून होता, काय चुकलं. नवरा काय जेवला ते पण एकदोन ठिकाणी होतं. आप्पांची ती लाल वही आठवली, कुठल्या यात्रेत किती सेकंदात बारी (गाड्याची फेरी) बसली, कुठला बैल जुंपला होता.

मधल्या वेळात नायट्रो नावाच्या जहाल इंधनावरच्या मोठ्या गाड्या बघितल्या. ते मी लिहून सांगू शकत नाही रे. अकरा हजार हॉर्सपॉवर म्हणतात, पावणेचार सेकंदांच्या आत संपतं सगळं, ताशी पाचशे तीस किलोमीटर. आधी त्या पण पाव मैल पळायच्या, २००८ मध्ये एका ड्रायव्हरचा जीव गेला तेव्हापासून त्यांचं अंतर हजार फुटांवर आणलं. सुटतात तेव्हा आवाज कानात येतच नाही, छातीत येतो, आणि त्या इंधनाच्या वासाने डोळ्यांतून घळाघळा पाणी. ह्याच ट्रॅकवर १९९२ मध्ये केनी बर्नस्टीनने पहिल्यांदा ताशी तीनशे मैलांचा आकडा ओलांडला होता. म्हातारबुवा ते सांगताना असे हात हलवत होते जसं काय स्वतःच स्टिअरिंगवर होते.

आणि ह्या खेळात घराणीच्या घराणी आहेत. शर्ली मुल्डाऊनी नावाची बाई, १९७७ मध्ये सगळ्यात वरच्या वर्गात चॅम्पियन झाली, पहिली बाई ती, आणि तिच्या गाडीवर काम करायला तिचा मुलगा. जॉन फोर्स म्हणून नावाजलेला रेसर आहे, त्याची अॅशली नावाची पोरगी तर २००८ मध्ये अटलांटाच्या रेसमध्ये फायनलला स्वतःच्या बापासमोर उभी राहिली आणि बापाला हरवून जिंकली. हे आजीने मला अटलांटा क्रॉस करताना सांगितलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांना लेकीने हरवायची गरजच नाही, हे स्वतःच हरतात".

तर आमचं काय झालं. पहिला राउंड. दुपारभर कडक ऊन होतं, त्या हिशोबाने म्हातारबुवांनी सेटिंग केलं. आम्ही लाईनीत पुढे सरकतोय आणि अचानक एक ढग आला. वारा फिरला. मी आकडा वाचला, तापमान चार अंशांनी खाली. म्हातारबुवा वर बघतायत, वहीत बघतायत, वर बघतायत. बदलू का? ढग जाईल? शेवटी म्हणाले राहू दे. लेकीने बर्नआउट मारला (टायर तापवायला चाकं जागेवर फिरवतात), धूर, सुटायच्या रेषेला लागली, पिवळा, हिरवा, आणि अशी सुटली बंड्या, अशी सुटली, समोरच्याच्या कितीतरी आधी, मी उड्या मारतोय, शेवटच्या रेषेला पण हिचंच नाक पुढे.

आणि बोर्डवर आलं ८.८९७.

तीन हजारांश सेकंद. समोरचा ८.९११, तो जिंकला. नऊशे मैल, टायर फुटलं, सगळ्यांच्या रजा, डिझेलचा खर्च, आणि एका ढगामुळे पहिल्याच फेरीत बाहेर. मला वाटलं आता भांडण होणार. कोणी काही बोललं नाही. लेक गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. आजीने वहीत लिहिलं, ८.८९७, ढग. म्हातारबुवा टायरजवळ बसून उगाच टायर पुसत राहिले, मी पुसून ठेवलेला स्वच्छ टायर.

तिथे मला आप्पा आठवले रे. बैलगाडा शर्यतीवर बंदी आली होती ना २०१४ ला, तेव्हा आपण हॉस्टेलला होतो, आणि आप्पा सात-साडेसात वर्षं नुसते बैल सांभाळत होते, शर्यत नाही काही नाही, रोज खुराक, रोज चालवणं. आणि मी तुझ्या घरी जेवायला बसून म्हणालो होतो, "काका, विकून टाका ना, दहा-बारा सेकंदांसाठी एवढा खर्च कोण करतं?" तू टेबलाखालून लाथ मारलीस मला. आप्पा काही बोलले नाहीत, उठले आणि गोठ्यात गेले. आणि मी पाठीमागून बघितलं होतं, ते बैलाची पाठ पुसत होते. स्वच्छच होती ती.

मला तेव्हा काय कळत होतं. आप्पांना सांग, चुकलो. फोनवर मला जमणार नाही, मी काहीतरी जोक मारून विषय बदलीन, तुला माहितीये मी कसा आहे. डिसेंबर २०२१ ला कोर्टाने परत परवानगी दिली तेव्हा तू गुलालातला फोटो पाठवला होतास, त्यावर मी नुसता अंगठा टाकला होता. तो पण माफ कर.

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा म्हणाले चला ओकालाला, जवळच आहे, डॉन गार्लिट्स नावाच्या जुन्या रेसरचं म्युझियम. ह्या माणसाचा १९७० मध्ये रेसमध्येच गाडीच्या ट्रान्समिशनचा स्फोट होऊन एका पावलाचा भाग गेला, कारण तेव्हा इंजिन आणि ते सगळं ड्रायव्हरच्या पुढ्यात असायचं. मग ह्याने बसून इंजिन मागे असलेली गाडी बनवली आणि पुढच्या वर्षी येऊन जिंकला, आता असल्या जवळपास सगळ्या लांबलचक ड्रॅगस्टरची इंजिनं मागेच असतात. म्हातारबुवा त्या गाडीपुढे अर्धा तास उभे होते. नातू त्यांचा हात ओढतोय, हे हलेनात.

येताना ट्रकमध्ये कोणीतरी पुढच्या रेसची तारीख काढली आणि सगळे परत सुरू, ढगाचं काय करायचं, सेटिंग कुठे बदलायचं. टेनेसीपर्यंत मी पण त्यात तावातावाने बोलायला लागलो होतो. बायको म्हणते तुला लागण झाली.

हां, एक राहिलं. मी त्यांना तुमच्या गाड्याचा तो जुना व्हिडिओ दाखवला, चार बैल आणि पुढे घोडी. म्हातारबुवांनी सहा वेळा बघितला, थांबवून थांबवून. आता ते विचारतायत घड्याळ कोण लावतं, आणि चार बैल म्हणजे नक्की किती हॉर्सपॉवर. पहिल्याचं उत्तर आप्पांना विचार. दुसऱ्याचं काय सांगू ते तूच ठरव. आणि नवीन खोंडाचा व्हिडिओ पाठव, आप्पा पण दिसले पाहिजेत त्यात.

तुझाच,
पक्या