डुकरांच्या आतड्यातील जनुकांची देवघेव

महोदय,

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा आपल्याकडे रुग्णालयांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते; वराहपालन केंद्रांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. फ्रान्स, डेन्मार्क आणि चीनमधील २८७ डुकरांच्या विष्ठेच्या तपासणीतून तयार झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत आतड्यातील जीवाणूंची सुमारे ७७ लाख जनुके नोंदली गेली. एका डुकराच्या आतड्यात ई. कोलाय या एकाच प्रजातीचे अनेक वाण नांदू शकतात आणि प्लास्मिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यांद्वारे ते आपापसांत, प्रसंगी परक्या प्रजातींशीही, जनुकांची देवघेव करतात. कोलिस्टिन या राखीव (इतर प्रतिजैविके निरुपयोगी ठरल्यावर वापरायच्या) औषधाला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक असेच एका प्लास्मिडवर असल्याचे चीनमधील संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. त्याचा माग डुकरांपासूनच लागला होता. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी पशुखाद्यात कोलिस्टिन मिसळणे थांबवले, तर भारताने २०१९ मध्ये खाद्योपयोगी प्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

परंतु एकाच प्लास्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकत असल्याने एक औषध बंद करून दुसरे सर्रास वापरल्यास पहिल्याविरुद्धचा प्रतिकारही टिकून राहतो. मांस नीट शिजवल्यावर जंतू मरतात हे खरे, पण विष्ठा शिजवली जात नाही. ती शेतात व ओढ्यात जाते. म्हणून पशुसंवर्धन विभागाने वराहपालन केंद्रांतील विष्ठेची नियमित जनुकीय तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर करावेत.

– एक वाचक, पणजी